मंडळाचा मोकळा फळा

बमरोली, नोव्हेंबर १९९६, मंगळवार

आमच्या मंडळाच्या फळ्यावर म्हणे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं! सकाळी कुणीतरी खरडलं, ‘शांताबाईंचे यजमान गावी वारले.’ लिहिणारा कोण? कुणाला ठाऊक! फळ्यावर आहे म्हणजे खरंच, बास. शेजारच्या बायकांनी रडत रडत शांताबाईच्या बांगड्या फोडल्या.

दुपारी नवरा धडधाकट बसमधून उतरला, हातात भरताची वांगी.

चिटणीसांना जाब विचारला तर हसले. “अहो वहिनी, खोट्या बातमीने आयुष्य वाढतं. आणि चूक लगेच दुरुस्त केली ना?”

केली की. ‘वारले’ पुसून ‘सुखरूप’ लिहिलं. खडूचं काय जातं?

आत्ता शांताबाई त्याच वांग्यांचं भरीत नवऱ्याला वाढत होती, मनगटावरचे काचेचे ओरखडे पदराने झाकत.