मोरबीत बसून चालवलेला कटर

२६ सप्टेंबर. जेवणाची सुट्टी.
आजपासून रोज लिहायचं. मोठा धंदा कसा उभा राहिला ते पुढं कुणाला आठवत न्हाय, मग लोक काहीबी सांगत सुटतात.

तर सुरुवात अशी. झाडं कापायचा पेट्रोलवरचा कटर इथं मोरबीत सेकंडहँड घेतलो आणि टाईल्सच्या ट्रकमधनं बेळगावला पाठवलो. आप्पानं, म्हणजे बापानं, तिथल्या मच्छे गावच्या गोडाऊनमधनं मोटरसायकलवर येळ्ळूरला घरी नेला. वाटेत लोकांनी आप्पाला विचारलं म्हणे, काय रं भरमू, तोफ आणलास काय? म्हणजे जाहिरात सुरू.

प्लॅन: मष्णूकाकाचा निलगिरी शेताच्या वाटेवर आडवा पडलाय. भातकापणीआधी वाट मोकळी पायजे. तो कापला की गावात नाव, मग ऑर्डरी, मग इथल्या टाईल्सच्या बॉक्स-पॅकिंगला रामराम आणि दिवाळीला मी कायमचा घरी. रचना म्हणाली, आधी मशीन चालू दे, ते एक झाड कापून होऊ दे, मगच नोकरी सोडा. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातलं दीड मी इथं. बायकोचं मन राखायला व्हय म्हटलो.

मशीनचं नॉलेज फुल आहे. सगळे व्हिडिओ बघितलोय. आवाज बंद ठेवून, कारण रूममेट झोपलेला असतोय.

२८ सप्टेंबर. रविवार.
पहिला व्हिडिओ कॉल. रचना मशीनपाशी, आप्पा फोन धरून, आई मागनं सारखी, स्वरूप वाळलाय गं, स्वरूप वाळलाय.

मशीनला टाक्या दोन. एकीत टू-टी ऑईल मिसळलेलं पेट्रोल, दुसरीत चेनचं ऑईल. सांगितलो, उजवीकडची पेट्रोलची. रचनानं विचारलं, अवो, तुमचा उजवा का माझा? म्हटलो, उजवा म्हणजे उजवा, त्यात तुझा-माझा काय?

चेनचं ऑईल पेट्रोलच्या टाकीत गेलं. चूक आप्पाची. मशीनच्या भलत्याच बाजूला फोन धरून उभा राहिला. टाकी रिकामी करून धुवायला रचनाची संध्याकाळ गेली. मी शेवटपर्यंत फोनवर थांबलो. टीमवर्क म्हणतात ते हेच.

चेनपण बसवून घेतलो. वरच्या बाजूचे दात आपल्याकडं ठेव म्हटलो, म्हणजे समोर उभ्या माणसाला लागायचं न्हाय. रचनाला शंका आली. मी आवाज चढवलो, मग तिनं बसवली.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
सकाळीच घरी फोन. खुरपं-विळ्याला कुंकू लावून मोकळं होता तसं चालणार न्हाय, धंद्याची मशीन आहे, एक फट सोडायची न्हाय. आईनं मनावर घेतलं. मशीनला न्हाणीत नेऊन आंघोळ, फटीफटीत हळद-कुंकू, वर शेवंतीची माळ, नारळ फोडून त्याचंपण पाणी. आप्पा म्हणाला, इतकं पाणी चालतंय का रं? म्हटलो, आप्पा, देवाचं पाणी आहे.

फोटो एक नंबर. स्टेटसला ठेवलो. रूममेट यमनाप्पा, गोकाकचा, म्हणाला मशीन कापायला चाललीय का नांदायला? जळतोय.

२ ऑक्टोबर. दसरा.
आप्पा म्हणाला, आज मुहूर्त हाय, सुरू करू या. म्हटलो, घाई नको, हळद नीट बसू दे.
इथं आपट्याची पानं न्हायत. यमनाप्पाला कडुलिंबाची देऊन सोनं घे म्हटलो. त्यानं वास घेऊन परत दिली.

३ ऑक्टोबर.
मशीन सुरू होईना. दोरी ओढून ओढून आप्पा खांद्याला बाम चोळत बसलाय. रचनाला म्हटलो, फोन मशीनजवळ धर, आवाज ऐकव. एका आवाजात ओळखलो: प्लग. प्लग बदलला. मग लक्षात आलं, प्लग न्हाय, पेट्रोल. पेट्रोल बदललं. मग चोक. चोक लावून ओढत राहा म्हटलो. ओढत राहिले, तर आत पेट्रोल भरून प्लग चिंब. म्हणजे फिरून प्लगवरच आलं की न्हाय? मी पहिल्यांदाच सांगितलोतो.

मष्णूकाका कुऱ्हाड खांद्यावर टाकून बघायला आलता. म्हणाला, भरमू, देवी बसलीया तुझ्या दारात, कशाला उठवतोस? आणि जाताना रचनाला, रविवारपर्यंत वाट बघतो गं पोरी, न्हायतर शेजारगावची, सुळग्याची मशीन बोलावतो.

रचना म्हणाली, वरचं झाकण काढून आत बघू का? म्हटलो, हात लावू नको. ते इंजिनियरचं काम. मी विचार करतोय.

४ ऑक्टोबर.
विचार केलो. नोकरी सोडली.

कारण साधं आहे. माणसाचा एक पाय इकडं असला की मशीनपण मनापासून चालत न्हाय. ठेकेदाराला सांगितलो, आता मी स्वतः मालक. तो बॉक्सवर टेप मारता मारता म्हणाला, कसला? म्हटलो, मशीनचा. त्यानं मान न वळवता दुसऱ्याला हाक मारली आणि माझ्या जागेवर उभा केला. मला अडवायची हिंमतच झाली न्हाय त्याची.

रचनाला इतक्यात सांगायचं न्हाय. सरप्राईज.

५ ऑक्टोबर. रविवार.
सुरू झाली! फोनवर आवाज ऐकून अंगावर काटा आला.

झालं असं की रचनानं मला न विचारता झाकण काढलं. आत हवा गाळायची जाळी असते. तिच्यावर हळद, कुंकू, पाणी मिळून भाकरीच्या पिठासारखा गोळा सुकून बसलेला. हवाच जात नव्हती. तिनं जाळी धुतली, वाळवली, बसवली, दोरी ओढली. झालं. आई म्हणायली, माझ्याकडं काय बघतासा? फटीफटीत लाव म्हणून त्यानंच सांगितलं. मी पुढच्या फोनला जाळीच बघायला सांगणार होतो. ओळीनं चाललोतो.

पण मशीन कापेना. नुसता धूर. मष्णूकाका म्हणाला, गं पोरी, कापायलीस का भाजायलीस? मग रचनानं चेन काढून उलटी बसवली, दात पुढं. निलगिरी काकडीसारखा कापला. संध्याकाळी वाटेनं ट्रॅक्टर गेला. आप्पानं व्हिडिओ पाठवलाय, त्यात रचना माझं मोटरसायकलचं हेल्मेट घालून उभी आहे.

माझं म्हणणं इतकंच की माझ्या पद्धतीनं कुणाला खरचटलंपण नव्हतं. ते कोण बघत न्हाय.

९ ऑक्टोबर.
ऑर्डरी सुरू! वडगावात एका घरावर वाकलेला नारळ, सुळग्यात आंब्याची फांदी. सुळग्यात म्हणजे तिथल्या मशीनवाल्याच्या नाकासमोर. बोर्डपण रंगवला. त्यावर नंबर रचनाचा. माझा टाका म्हटलोतो. आप्पा म्हणाला, येळ्ळूरचं झाड कापायला मोरबीला फोन कशाला?

खुशीत रचनाला सरप्राईज सांगून टाकलो. ती म्हणाली, कुणाला विचारून सोडलासा? मग म्हणाली, परत घेतात का बघा. मग फोन कट. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

१० ऑक्टोबर.
ठेकेदाराला असंच भेटायला गेलो. त्यानं मला ओळखलं न्हाय. कामात असला की असं होतं.

११ ऑक्टोबर.
रचना फोन उचलत न्हाय. आप्पा उचलतो आणि म्हणतो, ती झाडावर हाय.
यमनाप्पा विचारत होता, तू घरी कधी चाललास? म्हटलो, तारीख ठरतेय. तो म्हणाला, कोण ठरवतंय? दिवसभर बॅग भरलो. मग थोडी उपसलो.

१२ ऑक्टोबर. रविवार.
धंद्याची सर्विस कशी आहे ते मालकानं तपासायला पायजे. यमनाप्पाच्या फोनवरनं बोर्डावरचा नंबर लावलो. रचनानं लगेच उचलला. बोला, कुठलं झाड? आवाज जाड करून विचारलो, मालक स्वरूपराव आहेत का? ती म्हणाली, ते मोरबीला असतात, आणि मशीनचं त्यांना कायबी विचारू नका.

मला खोकला आला. जाड आवाजामुळं.

ती म्हणाली, अवो. तुमीच न्हवं?

व्हय म्हटलो.

जेवलासा का?

व्हय म्हटलो. जेवलो नव्हतो.

मग म्हणाली, दिवाळीची वाट कशाला बघतासा, या घरी. तोडलेल्या फांद्या ओढायला माणूस मिळेना झालाय. पण मशीनला हात लावायचा न्हाय, आणि कुणाला उजवा-डावा सांगायचा न्हाय.

उद्याच्या गाडीनं निघतोय. धंदा वाढला की खाती वेगळी करावीच लागतात. फांद्यांचं खातं पूर्ण माझ्याकडं. पगाराचं विचारलो, तर आई मागनं ओरडली, दोन वेळा जेवायला घालतो की!

म्हणजे पगार आहेच, जेवण वेगळं.