तळहाताचं माप

कळसाडी,
८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. हिलालमामांना काजलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही, कारण पेढीवर चार माणसं कान देऊन बसलेली असतात. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात तरी खरं बोला.

आई सांगत होती, लग्नाला तुम्ही येणार, पण मला मांडवात आणायला दुसऱ्या कुणाला तरी बघा म्हणालात. आपल्याकडे नवरीला हाताला धरून मामाच आणतो आणि मला सख्खा मामा एकच आहे. कारण तुम्ही सांगितलं नाहीत, पण मला कळलं. तुमच्या हातांवरचा सोरायसिस. तो मलाही आहे, हे विसरलात वाटतं.

शहाद्याच्या डॉक्टरांनी मला घरी भरायला एक कागद दिला. त्यावर माणसाची आकृती आहे, पुढून आणि मागून. चट्टे असतील तेवढंच रंगवायचं. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण शंभरावा भाग, असं माप. मग लाली, जाडी आणि कोंडा यांना शून्य ते चार गुण द्यायचे, आणि रोजच्या जगण्यात किती अडतं त्याला दहापैकी. मी डोकं कोरंच ठेवलं होतं, केसांखालचं कुणाला दिसतं म्हणून. डॉक्टर हसले आणि पेन्सिल परत माझ्याच हातात दिली. तुमच्यासाठी कोरा कागद सोबत पाठवते आहे. भरून पाठवा.

मामीला नमस्कार. लोभ कमी केलात तर भांडायला येईन.

तुमची,
काजल

नंदुरबार,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. काजलला मामाचे अनेक आशीर्वाद.

शाळेत मास्तरीण झालीस ती झालीस, आता मामालाही गृहपाठ द्यायला लागलीस. केला बाई. सगळा माणूस लाल रंगवला, पुढून आणि मागून. पेन्सिल निम्मी झाली.

कसं मोजलं ते सांगतो. उभा जन्म मिरचीत गेला. पोत्याच्या तळापर्यंत हात घालायचा, मूठ बाहेर काढायची. मुठीत ओली, पांढरी पडलेली मिरची निघाली की साऱ्या पोत्याला तोच भाव. कोपराजवळचा चट्टा बघितला. लाल आहे, जाड आहे, सदरा झटकला की कोंडा पडतो. मग बाकी अंग काय बघायचं?

तू विचारलंस म्हणून लिहितो. मागे एका व्यापाऱ्याने माझ्या हातचा चहा घेतला नाही. आत्ताच झाला म्हणाला आणि शेजारच्या पेढीवर जाऊन प्यायला. तेव्हापासून मी कुणाला हात पुढे करत नाही. तुझ्या सासरची माणसं आधी माझा हात बघतील आणि मग तुझ्याकडे बघतील. ते मला सोसायचं नाही, पोरी. मी मागे उभा राहून अक्षता टाकीन.

तुझ्या आईला, रुखमाताईला, नमस्कार सांग. माया आहे ती असू दे.

तुझा,
मामा

कळसाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. हिलालमामांना सा. न. वि. वि.

तुम्ही नापास. कागद परत पाठवते आहे.

पोत्याचा भाव मुठीवरून ठरत असेल, माणसाचा नाही ठरत. कोपराला चार गुण द्या, माझी ना नाही. पण पोट का रंगवलंत? दिवाळीत ओट्यावर बनियनवर बसला होतात, मी पाहिलंय, पोटावर जेवणाशिवाय काहीही दिसत नव्हतं. तळहाताने मोजा. पाठीचं मामीला मोजू द्या, पण माप तुमच्याच हाताचं हवं. तिचा हात लहान आहे, आकडा उगाच फुगेल.

आणि माझ्या सासरची काळजी सोडा. नवनीत मला बघायला आला त्याच दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. हा आजार शिवल्याने लागत नाही हेही सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, की दुखतं का. तेव्हाच मी हो म्हणायचं ठरवलं.

मला तुमच्याच हाताने मांडवात यायचं आहे. राग आला तरी लोभ असू द्या.

काजल

नंदुरबार,
१२ मार्च २०२५

चि. काजलला आशीर्वाद.

तुझ्या मामीने, जमनाने, गेल्या आठवड्यात घरात तमाशा मांडला. जुन्या कॅलेंडरच्या पानावर माझा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली, कात्रीने कापला आणि तो कागदी पंजा शेत मोजावं तसा माझ्या पाठीवर ठेवत सुटली. हाई पाठ शे का वावर, असं विचारत इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

पाठ, कोपरं, हात, गुडघे सगळं मिळून सहा पंजे भरले नाहीत. माझा विश्वास बसेना. पुन्हा मोजायला लावलं, तेवढंच. मग इथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्वतः बघितलं, त्यांचाही आकडा जमनाच्या आकड्याजवळच निघाला. मलम दिलंय, नेमाने लावतोय. लग्नापर्यंत सगळं जाईल असं मात्र ते म्हणाले नाहीत.

जमनाने खोडरबर घेऊन कागदावरचा लाल माणूस जवळजवळ सगळा पुसला. शेवटी जगण्यात किती अडतं तिथे मी दहापैकी दहा लिहिले होते. तेवढे तिने पुसले नाहीत. हे खरंय म्हणाली, आणि मग हसली नाही.

मांडवाचं मला अजून विचारू नकोस.

प्रेम आहे ते वाढतंच आहे.

मामा

चिंचपाडा,
२० मे २०२५

ती. स्व. हिलालमामा आणि जमनामामी यांना काजलचा सा. न. वि. वि.

सासरहून पहिलं पत्र तुम्हाला, आईला नंतर. तिला सांगू नका.

मामा, तुम्ही आलात. हातावर उपरणं गुंडाळून आलात, तरी आलात. ते उपरणं मी ओढून मामीकडे दिलं तेव्हा तुम्ही डोळे वटारलेत, आणि मग माझा हात असा धरलात की बांगडी रुतली. चट्टे होते, सगळ्यांना दिसतही होते. मी इतकी खुश होते की मला चालताही येईना.

तुम्ही गाडी गाठायला लवकर निघालात, म्हणून नवनीतच्या आजींशी तुमचं बोलणं झालं नाही. त्या, कौसाबाई, भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालतात. मला वाटायचं, जुनी सवय असेल. काल दुपारी आम्ही दोघीच डाळ निवडत होतो. त्यांनी दार लोटलं आणि बाही वर केली. मन्हं बी तसंच शे, म्हणाल्या. सून होऊन या घरात आल्यापासून त्यांनी कुणाला दाखवलेलं नाही, नवऱ्यालाही धड नाही. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर बाही लगेच खाली. मी बघते म्हटलं तर मलाही नको म्हणाल्या. आणि मग मांडवात दिसलेल्या तुमच्या हातांची आठवण काढून हळूच म्हणाल्या, तुन्हा त्या मामाले बलाव, दाखाडसू तर त्यालेच.

तर रविवारच्या गाडीने दोघंही या. हात तुम्हालाच दाखवायचा म्हणून त्या वाट बघताहेत.

लोभ आहेच, आता त्यातला थोडा आजींनाही द्या.

तुमची,
काजल