पाण्यावरचं लाल बोंड

१२ एप्रिल, रविवार

वाचणारे, म्हंजे तूच सुनंदे, आधी चष्मा शोध. कपाळावर हाय. काल सांगितलेलं तुला आज आठवत न्हाई, म्हणून तर ही वही. म्या सांगते, तू लिही. मला अक्षर येत न्हाई, पण दूध उतू जात न्हाई माझ्या हातनं. तू शिकलेली सून, तुझं रोज जातं.

वहीचं दुसरं कारण, जावयाला तोंडावर बोलता येत न्हाई. मंगलचा नवरा. भोरात कचेरीत होते, आता रिटायर. दोन महिने झाले, मासे धरायचं खूळ. दर रविवारी स्कूटर घेऊन आमच्या धरणाच्या फुगवट्यावर हजर. दुसरा कुणी असता तर काठी हिसकून घेतली असती. जावईबापू म्हणून चहा द्यायचा अन् गप बसायचं. ‘जावईबापू’ लिहून हात दुखतो म्हणतीस? मग ‘जाबा’ लिही.

आज जाबानं तिसऱ्यांदा तंगूस तोडला, गळाचा नायलॉनचा दोरा. पाण्यावर चुरमुरे फेकले, कटले मासे वर आले, तोंडं वासून, पंगतीला बसल्यासारखे. गळाला पावाचा तुकडा. एकानं तो ओढला. जाबानं दोन्ही हातांनी काठी हिसकली. टण्! गळ, हातभर तंगूस, वर तरंगतं लाल प्लास्टिकचं बोंड, सगळं घेऊन मासा गेला.

“मामी, केवढा होता!”

होता म्हणे. हायेच की अजून. तोंडात लोखंड घेऊन. खायचा तर खावा, सोडायचा तर धड सोडावा. ही कुठली रीत?

१३ एप्रिल, सोम.

भांडी घासायच्या दगडावरनं दिसलं. लाल बोंड. पाण्यावर आपलं आपण चाललंय. खाली तो.

पलीकडं बुडालेल्या बाभळींचे खुंट हायेत. तंगूस तिथं गुंतला की मासा दावणीला बांधल्यागत. दावणीच्या जनावराला निदान कुणी वैरण टाकतं. हा उपाशी मरंल.

जाबा रीळ ओलंच टाकून गेलेत. ओला दोरा कुजतो. गोधड्या शिवण्यात जन्म गेला माझा, मला कुणी सांगायला नको. छपरावर कुरडया घातल्यात, त्यांच्या कडेला ठेवलं. आता शनिवारपर्यंत कडक ऊन. महिना झाला, दर आठवड्याला म्याच हे करते. कुरडया ओल्या होत्या, दोनचार दबल्या रिळाखाली. असू दे. कुणी नाव घेत न्हाई केल्याचं.

१९ एप्रिल, रवि.

चौथा!

आज मुद्दाम शेजारी बसले. रिळाचा स्क्रू गच्च आवळलेला. म्हटलं, “जावईबापू, रेडकू उधळलं तर आपण दावं सैल सोडत पळतो. माशाला पळू द्या की थोडं.”

“मामी, मोबाईलवर बघितलंय मी सगळं.”

मोबाईलवाल्याच्या घरी म्हशी हायेत का, विचारणार होते. गिळलं.

गाठसुद्धा कोरडीच ओढत होते. सुईत दोरा ओवताना आपण जिभेला लावतो, अन् एवढ्या मोठ्या माशाला कोरडी गाठ! म्हटलं, थुंकी लावा. “शी, मामी.” पण लावली. स्क्रूही सैल केला. मासा लागला, रीळ कर्र कर्र फिरायला लागलं, काठी उभी, सगळं जसं पाहिजे तसं. मला वाटलं, जमलं.

टण्.

बोंडं संपलेली, म्हणून ह्याला बोंडसुद्धा नव्हतं. हा कुठं जाऊन मरंल ते दिसणार पण न्हाई.

जाबा खडकावर बसून राहिले. “मला नाही जमत, मामी. मी आपला फायलींचाच माणूस.” चहा न घेता गेले.

मला तेव्हा कळलं. दुकानदार! कुजका तंगूस गळ्यात मारलाय साध्या माणसाच्या. बुधवारी भोरला जाते अन् त्याच्या दारात उभी राहून विचारते. सुनंदा म्हणती, जाऊ नका आत्या. जाणार.

२२ एप्रिल, बुध.

पिशवीत रीळ घालून एसटीची वाट बघत होते. होडीवाला धोंडिबा भेटला. जाळी टाकून केस पांढरे झालेत त्याचे. “कुटं निघाला, वयनी?” म्हटलं, भांडायला. त्यानं तंगूस मागितला, दोन हातांत धरून हिसका दिला. टक. शेवई मोडावी तसा. परत. टक.

“वयनी, ह्यो उन्हात ठिवला व्हता का कुणी? सुती दोरा पाण्यानं कुजतो, तंगूस उन्हानं. ह्याला अंधारात ठिवायचं. कुन्या शाण्यानं वाळत घातला?”

“असंल कुणीतरी.”

एसटी आली. बसले न्हाई.

सुनंदे, हे लिहू नको. लिहिलंस? खोड.

(खोडलं म्हणून सांगितलंय. – सु.)

२३ एप्रिल, गुरु.

दुकानदार वाचला. आता राग कुणावर काढू? सकाळपास्नं भांडीच आपटते हाय. जाबाचं हिसकणं चुकलं, स्क्रू चुकला, कबूल. पण चौथ्या वेळी त्यांचं सगळं बरोबर होतं. चौथा मासा माझ्या खात्यावर.

बोंड आज खुंटांच्या जवळ.

सुनंदा भोरातनं नवा तंगूस घेऊन आली, जाडसर. तांदळाच्या डब्यात ठेवला, वर झाकण, वर पाटा.

२५ एप्रिल, शनि.

उजाडता उजाडता म्याच काठी धरली. त्या माशाच्या तोंडातलं लोखंड काढायचंय, बाकी काही नको.

शेवटचा हातभर तंगूस बोटांतनं ओढून बघितला. एका ठिकाणी खरखरला, दगडाला घासला असंल, तिथनं तोडला. नवी गाठ, थुंकी. स्क्रू सैल. चुरमुरे फेकले. बोंड हळूहळू आलं. गळ सुनंदानं फेकला, माझा हात पोचत न्हाई.

त्यानं पाव घेतला. हिसकले न्हाई. वळू दिला, मग काठी उचलली. पळाला, सोडत गेले. खुंटांकडं निघाला तशी म्या काठानं उलट्या अंगाला चालत सुटले, गुडघाभर पाण्यात, लुगडं ओलं. लई वेळ. मग दमला, आडवा झाला, आला. हातभर अंतरावर. फाटका ओठ दिसला, त्यात काळा गळ.

सुनंदा घमेलं घेऊन वाकली अन् किंचाळली, “आत्या, केवढा हाय!”

जाबाचीच वहिनी शोभतीस.

तो उसळला. माझा गळ सुटून परत आला, रिकामा. तंगूस तुटला न्हाई. आज नवं लोखंड दिलं न्हाई त्याला, एवढंच. जुनं तसंच घेऊन गेला.

२६ एप्रिल, रवि.

जाबा आले न्हाईत. मंगलचा फोन. काठी कुणाला तरी देऊन टाकणार म्हणतायत. “आपल्या हाताला यश नाही” असं दोनदा बोलले म्हणे जेवताना.

बोंड खुंटांच्या अलीकडं. अजून हलतंय. माझ्या एकटीच्या हातनं व्हायचं न्हाई, घमेलं धरायला न किंचाळणारं माणूस पाहिजे.

फोनवर सांगू का? जीभ वळत न्हाई. सासू हाय म्या.

सुनंदे, दुपारच्या एसटीनं मंगलकडं डबा पाठव. कुरडया. वरच्या नव्हं, छपराच्या कडेच्या, ज्यांच्यावर रिळाचा गोल उमटलाय त्या. चिठ्ठी नको, रीळ उन्हात कुणी ठेवलं ते गोलावरनं कळंल, जाबांचा जन्म शिक्के वाचण्यात गेलाय. येताना चुरमुरे आणा म्हणावं, कोरडे, भडंग न्हाई. अन् मंगलला बजाव, कुरडया तळायच्या आधी त्यांना दाखव.