अकोल्याचं स्थळ आणि बदललेला स्क्रीन

८ फेब्रुवारी

स्थळ आलंय. अकोल्याचं. नितेश नाव, हारफुलांचं दुकान. नाहीच म्हणणार होते — तेवढ्यात फोटोत त्याच्यामागच्या फळीवर गेमबॉय दिसला! सगळ्यात पहिला. राखाडी, विटेएवढा. हातात धरून खेळायचे जुने गेम मी कॉलेजपासून जमवतेय, अख्ख्या अमरावतीत हा मिळाला नाही.

"घर पाहाले जाऊ," म्हटलं.

आईने देवापुढे साखर ठेवली. "दीपमालेले पोरगा आवडला वं!"

मी फोटोतली फळी परत मोठी करून पाहिली.

१५ फेब्रुवारी

अकोला. पोहे. मग "पोरं बोलतीन जरा" म्हणून आम्हाला आतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. मी पर्समधून माझे तीन गेम काढले. तो पाहतच राहिला — आणि पलंगाखालून अख्खी पेटी ओढली!

बटणं, आवाज, सेल किती टिकतात, सगळं ताडून पाहिलं. वजनासाठी त्याने दुकानातला फुलांचा काटा आणला. माझ्या तिन्हींतला छोटा जपानी त्याच्या राखाडी गेमबॉयपेक्षा निम्म्याने हलका. "हलका आहे, पण हातात बसत नाही," म्हणे. खरं आहे. कबूल केलं नाही.

मग एकच गेम, दोघांनी दोन मशीनवर.

"मेली मी!"

"मी बी मेलो!"

दार धाडकन उघडलं. त्याची आई, दुर्गाबाई, हातात पाण्याचा तांब्या. "बाप्पा! काहून मेले?"

तेवढ्यात लाइट गेली. अंधारात त्याचा राखाडी लख्ख! मूळ स्क्रीन काढून मागून उजेड देणारा नवा बसवलेला. असल्या जुन्या, मूळ मशीनला हात लावला!

"हे पाप आहे," म्हटलं आणि उठले.

बसमध्ये बाबांनी मूर्तिजापूरपर्यंत दम धरला. "पोरगा पेते का?"

"नाही. स्क्रीन बदलला."

"कोणाचा?"

२० फेब्रुवारी

दुर्गाबाई, नितेशचे काका आणि नितेश — समेटासाठी आले! स्क्रीनवरून स्थळ मोडलं हे कोणाला सांगायची लाज वाटते म्हणे.

अंगणात पंचायत. उन्हात माझं मशीन स्पष्ट, त्याचं काळंठिक्कर. काका म्हणाले, "पोरीचं बरोबर." मग सगळे घरात. दारं-खिडक्या लावल्या. त्याचं लख्ख, माझ्यात काहीच दिसेना. बाबा म्हणाले, "पोराचं बरोबर." आईने राखाडीवर खेळण्यात गुंगलेल्या दुर्गाबाईंना मत विचारलं.

"गप बसा वं! मी मरून राहिली इथं!"

निकाल — दिवसा माझं, अंधारात त्याचं. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला. मला कोणी विचारलंच नाही. मीही नाही म्हटलं नाही.

जाताना त्याने राखाडी माझ्या टेबलावर ठेवला. "राहू द्या."

२१ फेब्रुवारी

दोनदा हातात घेतला. चालू केला नाही. नुसता धरला.

२३ फेब्रुवारी

नितेशचा फोन. "एक सांगाचं राहिलं. घरी बी माहीत नाही. मले अंधारात दिसत नाही — म्हणून तो स्क्रीन. वाढून राहिलं. डॉक्टर म्हणते, पुढं दिवसा बी दिसन का नाही, सांगता येत नाही. तुमी नाही म्हटलं तरी चालते."



मग विचारलं, "नुसत्या आवाजावर खेळता येतीन असे गेम किती?"

त्याने खरंच विचार केला. "दोन."

"पुरे," म्हटलं.