दर दहा मिनिटांनी

प्रिय खटपट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

तू विंडोज काढून बाबांना लिनक्स घालून दिलेला कॉम्प्युटर गेले चार महिने अडखळतोय. मध्येच माऊस थिजतो, टाइप केलेलं दिसत नाही आणि अर्ध्या मिनिटाने सगळी अक्षरं भसाभस येऊन पडतात. मी काय काय केलं ते विचारूच नकोस. आतली धूळ काढली, मेमरी काढून परत बसवली, डिस्क तपासली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलायला गेले तर पडदाच काळा! तुला मनसोक्त शिव्या घातल्या. बाबा पलंगावरून नुसते बघत होते. हल्ली ते पलंगावरच असतात.

शेवटी खोड सापडली ती त्यांनाच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. उशीखालचं घड्याळ काढलं आणि मशीन नेमकं केव्हा केव्हा अडतं ते दिवसभर एका जुन्या पाकिटावर लिहीत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, हे लहर येईल तेव्हा अडत नाही, बरोब्बर दर दहा मिनिटांनी अडतं. आपण समोर नसलो की कळत नाही, एवढंच.

मग मी लॉग, म्हणजे कॉम्प्युटरची आतली नोंदवही, उघडला. दर दहा मिनिटांनी तीच ओळ: तुझा कॉम्प्युटर सापडत नाही. तुझ्याकडचे फोटो आपोआप बाबांच्या पडद्यावर यावेत ही सोय तूच केली होतीस ना? दोन वर्षांपूर्वी तू त्यांना घड्याळांचं दुकान बंद करा म्हणालास, त्यांनी पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून सुनावलं, तू निघून गेलास, तरी फोटो येतच होते. तुझी सायकल, तुझी खिडकी, तो करपलेला भात. बाबा ते रोज चोरून बघायचे, हे मला आत्ता कळलं. चार महिन्यांपूर्वी तू तुझं मशीन बंद केलंस आणि ते शोधता शोधता आमचं अडखळायला लागलं.

मी ती सोय काढून टाकली. कॉम्प्युटर झकास चालायला लागला. बाबा घड्याळ हातात धरून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग म्हणाले, पूर्वीसारखं कर. मी भडकलेच, चार महिने माझं डोकं खाल्लंत आणि आता हे? दोन वर्षं तुझा विषय काढू न देणारा माणूस भिंतीकडे तोंड करून म्हणाला, खटपट्याला शोधतोय ना तो, शोधू दे. मला फार रडू आलं रे. ती सोय परत लावून दिली.

परवा डॉक्टर येऊन गेले. पंधरा दिवस म्हणाले, तेही खात्रीने नाही. बाबांना सगळं माहीत आहे. ते तोंडाने तुला ये म्हणणार नाहीत, तुझ्यासारखेच हट्टी आहेत. तू ये. अगदीच येववत नसेल तर निदान तुझा कॉम्प्युटर चालू कर. त्यांचा पलंग मी पडद्यासमोर ओढून ठेवलाय, घड्याळ त्यांच्या हातातच असतं. अडखळणं थांबलं की त्यांना लगेच कळेल.

तुझीच, शिव्या घालणारी
ताई