एलसीडीचा चातुर्मास

जालना, २४ जुलै २००७, मंगळवार

जगन्नाथने आज पुन्हा बत्तीस इंची एलसीडीचा विषय काढला. चिरंजीव बियाण्यांच्या कंपनीत अधिकारी आहेत. एमआयडीसीतून घरी परतताना वाटेतल्या प्रत्येक टीव्हीच्या दुकानात थांबतात. त्यांचे म्हणणे, आपला एकवीस इंची डबा आता पाहवत नाही. यात तथ्य आहे. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला असून बातम्या देणाऱ्यांचा एक कान कायम हिरवा दिसतो. परंतु बातमी कानाने ऐकायची असते, ती देणाऱ्याचा कान पाहायचा नसतो.

मी शांतपणे विचारले, हा ‘एचडी रेडी’ म्हणजे नेमके काय. म्हणाला, अधिक बारीक, स्वच्छ चित्र दाखवायला तयार असलेला. विचारले, ते चित्र आपल्याकडे पाठवतो कोण. म्हणाला, सध्या कोणी नाही, पुढे येईल. म्हणजे मांडव घालून ठेवायचा, आणि नवरी अद्याप जन्माला यायची आहे.

निर्णय : थांबणे. शास्त्रांनी काळाला सर्वांत बलवान मानले आहे. वस्तू कोणती घ्यावी हे दुकानदारही सांगतो. केव्हा घ्यावी हे ज्याला कळते तोच खरा गृहस्थ.

ता. क. : एवढा रुंद टीव्ही केवळ पूर्वेच्या भिंतीवर मावेल, असे सौ. शरयू म्हणाली. त्या भिंतीशी माझा चौरंग आहे. एकोणीस वर्षे चातुर्मासात रोज सायंकाळी सातला तेथे बसून मी पोथी सांगतो. या गोष्टीचा माझ्या निर्णयाशी कोणताही संबंध नाही.

२६ जुलै, आषाढी एकादशी

अत्यंत समाधानाचा दिवस. श्रोत्यांसमक्ष संकल्प सोडला : चातुर्मासात टीव्ही वर्ज्य. वर्ज्य वस्तू विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धर्म आणि व्यवहार एकाच पळीने साधले.

समोरचे रामराव हात जोडून म्हणाले, “काका, लय मोठं धरलं तुम्ही. आम्ही वांगं सोडून राह्यलो, तुम्ही टीव्हीच सोडला.” रामराव मूळचे वडीगोद्रीचे, मोसंबीचे बागाईतदार. भोळा माणूस. गल्लीतल्या चांगुणाबाईंनी लसूण सोडला. त्या सतत पहिल्या रांगेत असतात.

मग मी उद्यापनाचा नियम सांगितला. जे सोडले त्याचे कार्तिकीनंतर आधी दान करावे, मगच स्वतः भोगावे. दानही उत्तम वस्तूचे, जुन्यापुराण्याचे नव्हे. रामरावांनी विचारले, “मंग आम्ही वांगे द्यायचे?” म्हटले, वांगीच. “आन् तुम्ही टीव्ही?” मी म्हणालो, नियम सर्वांना समान आहे. (वस्तूच्या अभावी नारळ व दक्षिणा चालते. ही सूट श्रोत्यांना सांगण्याचे प्रयोजन दिसले नाही.)

रात्री शरयू म्हणाली, “तुम्ही टीव्ही सोडला, त्यात माझी मालिका सुटली. मला विचारलं होतं का?” व्रताची बाधा कुटुंबालाही होते, हे तिला समजावले. तिने पाठ फिरवून दूध विरजले.

१२ ऑगस्ट, रविवार

वृत्तपत्रात वाचले की नव्या बारीक चित्राच्या तबकड्यांचे दोन पक्ष पडले आहेत, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. दोहोंत युद्ध चालू असून कोण जिंकेल हे कंपन्यांनाही ठाऊक नाही. माझे धोरण किती दूरदृष्टीचे होते. शहाण्याने रणांगणावरून विजेत्याची वार्ता येईपर्यंत घरी बसावे.

जगन्नाथला कात्रण दाखवून सांगितले, निदान दोन वर्षे थांबावे. त्याने विचारले, “आणि तोवर आणखी नवं काही आलं तर?” मी म्हणालो, तर त्याच्यासाठी थांबावे. त्याने आईकडे पाहिले. आईने त्याच्याकडे पाहिले. पटले असावे.

१९ ऑगस्ट, रविवार

रामरावांच्या घरी बत्तीस इंची एलसीडी आला.

मन विषण्ण. ज्या मनुष्याला मी प्रपंच क्षणभंगुर असल्याचे सांगतो त्यानेच तो भिंतीवर टांगावा. त्याहून दुःख असे की तो टांगायला आमचेच चिरंजीव, आमचेच ड्रिल मशीन घेऊन गेले. खिडकीतून सर्व पाहिले. रामराव खालून सारखे बजावत होते, “जास्ती छिद्रं पाडू नको बाबा, माझी भित हाय.” जगन्नाथ म्हणत होता, “काका, कार्तिकीपर्यंतचाच प्रश्न आहे.”

कार्तिकीचा येथे काय संबंध, ते कळले नाही. बहुधा हप्ते तोवर फिटत असावेत.

घरी आल्यावर त्याला विचारले, परक्याच्या भिंतीची एवढी काळजी कशाला. म्हणाला, “शेजारी आहेत, बाबा.” शरयूने त्याला गरम पोळी वाढली. मला सकाळची होती.

२७ ऑगस्ट, सोमवार

श्रोते घटत आहेत. चांगुणाबाई दिसल्या नाहीत म्हणून चौकशी केली. गुडघे धरले आहेत, आमच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत. रामरावांच्या घराला पाच पायऱ्या आहेत. त्यांवरून उतरताना मी त्यांना स्वतः पाहिले.

शरयूही सातच्या सुमारास रामरावांच्या सौभाग्यवती दुर्गाबाईंकडे हळदीकुंकवाला जाते. श्रावणात हळदीकुंकू असतेच. परंतु रोज असते हे मला ठाऊक नव्हते.

५ सप्टेंबर, बुधवार

संकल्पाचे शब्द पुन्हा तपासले. टीव्ही वर्ज्य, असे म्हणालो होतो, आणि ते स्वगृही बसून. त्याअर्थी ते स्वगृहापुरते आहे. शिवाय पाहणे आणि परीक्षण करणे यांत भेद आहे. वैद्य विष पाहतो, पीत नाही.

पोथी लवकर आटोपून परीक्षणासाठी रामरावांकडे गेलो. “या काका, बसा, आपलंच घर हाय,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पौराणिक मालिका लागली होती. जुने अरुंद चित्र रुंद पडद्यावर ताणल्याने सर्व देव स्थूल दिसत होते. नारदमुनींना तर दाराबाहेर पडता येईल की नाही अशी शंका आली. केबलचे चित्र धूसर होते ते निराळेच. माझे भाकीत अक्षरशः खरे ठरले. खात्री पूर्ण व्हावी म्हणून अखेरपर्यंत बसलो.

किंमत विचारली. रामराव म्हणाले, “ते तुमच्या जगन्नाथला ईचारा, त्यानंच आनला न.” म्हणजे निवडही त्याचीच. बापाला विरोध, आणि शेजाऱ्याला सल्ला.

उद्या पुन्हा जाऊन बसण्याचा कोन बदलून पाहावा.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज क्रिकेटचा अंतिम सामना, तोही पाकिस्तानशी. सातला चौरंगावर बसलो. सतरंजीवर कोणी नव्हते. शरयू जाताना म्हणाली, “दुर्गाबाईंच्या गणपतीची आरती आहे.” म्हटले, आरती किती वेळ चालेल. म्हणाली, “वीस ओव्हर.”

रिकाम्या सतरंजीला एक अध्याय सांगितला. श्रोता नसला तरी वक्त्याने नियम मोडू नये. मात्र समोरून ओरडा झाला की ओवी तुटे. शेवटी श्रोत्यांना परत बोलावून आणावे या शुद्ध हेतूने उठलो. रामरावांच्या दिवाणखान्यात अवघी गल्ली होती. चांगुणाबाई मांडी घालून बसल्या होत्या, गुडघ्यांसकट. शरयू पहिल्या रांगेत चिवडा खात होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

हाक मारण्यास योग्य क्षण मिळेना. तो मिळेपर्यंत सामना संपला. चेंडू शेवटपर्यंत स्वच्छ दिसला, हे परीक्षण म्हणून नोंदवतो.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

काल कोजागिरी झाली. पूर्वी या रात्री माझे निरूपण होई आणि नंतर दूध. काल रामरावांच्या गच्चीवर दूध होते आणि निरूपण नव्हते. कोणालाही त्याची उणीव जाणवली नाही. मला दुधाचा दुसरा पेला देताना चांगुणाबाई म्हणाल्या, “वामनकाका, तुमचं आताशा वाचन बंद असतंय व्हय?”

एकोणीस वर्षे.

रोग समजला आहे. पानांवर फवारणी करून उपयोग नाही, मूळ उपटले पाहिजे. रामरावांनी टीव्ही ठेवता कामा नये.

११ नोव्हेंबर, भाऊबीज

आज वाणीचे सामर्थ्य अनुभवले. दिवाळीचा फराळ घेऊन रामरावांकडे गेलो आणि एकांतात विषय काढला. म्हटले, या भिंतीवरच्या वस्तूने गल्लीची उपासना बुडाली आहे. जांब समर्थला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी रस्त्यावर जी धर्मशाळा आहे तिला हा टीव्ही दान करावा. तेथे लोक त्यावर कीर्तने तरी पाहतील. मुहूर्तही सुचवला : माझ्या व्रताच्या उद्यापनाची सकाळ.

रामराव पाहतच राहिले. “काका, तुम्ही सोताहून म्हनून राह्यले हे? काकूंला ईचारलं का?” म्हटले, यात तिला काय विचारायचे. “आन् जगन्नाथला?” म्हटले, दान मनाने होते, मुलांना विचारून किंवा आधी गाजावाजा करून होत नसते. त्यांनी फराळाचे ताट बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाले, “तुम्हाला ह्या टीव्हीचं सारं ठावं हाय न, काका?”

श्रोत्याने ‘ठाऊक आहे का’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग मी आयुष्यात येऊ दिलेला नाही. म्हणालो, मला सर्व ठाऊक आहे, प्रारंभापासून.

रामरावांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पायांवर डोके ठेवले. म्हणाले, “म्या तर समजत व्हतो, तुम्ही नारळावर भागवताल. बोलल्या परमानं वागनारा मानूस पाह्यला आज.”

हे वाक्य नीट उलगडले नाही. भावनेच्या भरात मनुष्य असंबद्ध बोलतो.

२२ नोव्हेंबर, द्वादशी

सकाळी साडेआठ : रामरावांच्या दारी टेम्पो लागला. जगन्नाथ कामावर, शरयू देवळात. खोके चढल्यावर रामरावांनी पळी-पंचपात्र माझ्यापुढे धरले. “पानी तुमीच सोडा काका, आम्हाला मंतर येत न्हाई.” मी संकल्प म्हणून विधिपूर्वक उदक सोडले आणि टेम्पोपुढे स्वहस्ते नारळ फोडला. चांगुणाबाईंनी मला नमस्कार केला. माझ्या स्वतःच्या उद्यापनाचा नारळ द्यायचा राहिला, ते दुपारी गुपचूप उरकू असे ठरवले. सायंकाळपासून सतरंजी पुन्हा भरेल. मन पिसासारखे हलके.

दुपारी दोन : जगन्नाथ अर्धी रजा टाकून आला. हातात ड्रिल मशीन. म्हणाला, “बाबा, व्रत संपलं. आता आपला टीव्ही घेऊन येतो.” विचारले, कोणता. म्हणाला, “रामरावकाकांकडे ठेवलेला. ऑगस्टमध्ये ऑफर होती म्हणून घेतला. तुमचं व्रत मोडू नये म्हणून तिकडे लावला.” आणि गेला.

तो रिकाम्या हातांनी परत येईपर्यंत मी पूर्वेच्या भिंतीकडे पाहत उभा होतो.

त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, “तुम्हाला सगळं ठाऊक होतं, असं सांगितलंत तुम्ही त्यांना.” मी म्हणालो, प्रश्न टीव्हीचा नसून विश्वासाचा आहे. माझ्याच घरची वस्तू, माझ्याच घरच्यांनी, मला न विचारता घ्यावी आणि सारी गल्ली ती मजेत पाहत असता मला एकट्याला अंधारात ठेवावे. जगन्नाथ म्हणाला, “तुम्हीही पाहतच होतात, बाबा.”

शरयूने पारण्याचे पान वाढले. ओरडली असती तर बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, “हातावर पाणी सोडलंत?” म्हटले, होय. “संकल्प म्हणून?” म्हटले, पूर्ण. “मग परत मागता येत नाही,” ती म्हणाली आणि भात वाढायला वळली. एकोणीस वर्षे पोथी कोणी लक्षपूर्वक ऐकली, हे आज कळले.

सायंकाळी सात : सतरंजी भरली. सर्वजण माझ्या त्यागाचे दर्शन घ्यायला आले होते. रामराव मधोमध उभे राहून सांगत होते, “वामनकाकांनी सोताचा कोरा टीव्ही देऊन टाकला, जुना न्हाई, बिलकुल कोरा.” पोथी उघडली. शरयू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला अक्षर दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.

१६ डिसेंबर, रविवार

आज चाळीस इंची आला. रामरावांच्या घरी नव्हे. आमच्या घरी.

शरयूने बांगड्या मोडल्याचे नंतर समजले. केव्हा घ्यावा, कोणता घ्यावा, हे कोणी मला विचारले नाही. संच दारात आला तेव्हा राहुकाल चालू होता. पंचांग हातात होते. बोललो नाही. ब्लू-रेचा निकाल अद्याप लागलेला नाही, हेही बोललो नाही.

जगन्नाथने फार अदबीने विचारले, “बाबा, चौरंग कुठे ठेवू?” मी उत्तराचा विचार करत होतो, तोवर शरयूने तो स्वयंपाकघरात मोरीशेजारी नेऊन ठेवलाही होता. जागा वाईट नाही. तेथे बसल्यावर तोंड पूर्वेला होते. चातुर्मास संपला असला तरी पोथी चालू ठेवावी, असा मी स्वतः निर्णय घेतला आहे. कोणी आग्रह केला नाही, यावरून तो स्वतंत्र होता हे सिद्ध होते.

सातला सुरुवात केली. बाहेर अवघी गल्ली जमली होती. रामराव, दुर्गाबाई, गुडघ्यांसह चांगुणाबाई. आत कामाला येणारी नंदाबाई भांडी घासत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “काका, जरा मोठ्यानं वाचा. टीव्हीचा आवाज येऊन राह्यला, तुमचं काहीच ऐकू येत न्हाई.”

मी मोठ्याने वाचले. बाहेर शरयूने आवाज वाढवला.