पुसताना हललेला पूल

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या बसल्या वाकले असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? तीन वर्षं तू पत्र लिहिलं नाहीस, मीही नाही. आईच्या शिलाई मशीनचं ते भांडण जरा बाजूला ठेव. तुझ्या घरावरून पूल जाणार, घर रिकामं करा अशी नोटीस आली आणि तू अन्न टाकलंस, असं मावसबहिणीकडून कळलं. आधी जेव. मग पुढचं वाच. तो पूल तिथे मी ठेवला होता.

ओरडू नकोस, शेजारी ऐकतील.

मी ज्या कचेरीत झाडलोट करते, तिथल्या हॉलात टेबलावर अख्खं शहर मांडलंय. लाकडी ठोकळ्यांची घरं, आरशाच्या तुकड्याचं तळं, टाचणीवर टोचलेली स्पंजाची झाडं. पलीकडे अजून न बांधलेली नवी वसाहत, चाळीस हजार घरांची, पांढरीफेक, कवळीसारखी. सकाळी सातला तिथे मी एकटी असते. खिडकीतून तिरपं ऊन येतं, ठोकळ्यांच्या सावल्या रस्त्यांवर लांब पडतात, आणि मी फुंकर मारली की धूळ उठून तळ्यावर ढगासारखी तरंगत राहते. मग मी हातात फडकं धरून त्या गल्ल्यांतून हिंडून येते. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणाला कुठे पोचायचं नसतं. (चहा उकळेपर्यंत मला दम निघत नाही हे तुला ठाऊक आहे. पण तिथे अर्धा तास कुठे जातो कळत नाही.)

साहेबांचं दुखणं असं, की त्या वसाहतीतल्या सगळ्या गाड्या जुन्या शहरात एकाच चौकातून यायच्या. मोठे साहेब (मी त्यांना फूटपट्टी म्हणते, मोजल्याशिवाय ते चहात साखरही घालत नाहीत) सहा महिने त्या चौकात खेळण्यातल्या गाड्या लावत होते आणि कपाळ बडवत होते. मी एकदा म्हटलंसुद्धा, साहेब, दहा बादल्या एकदम ओतल्या तर मोरी तुंबणारच. तर म्हणाले, "मावशी, पाय उचला, खाली वायर आहे." शेवटी त्यांनी पुठ्ठ्याचा एक पूल केला. तो कुठे उतरवायचा तेच ठरेना, म्हणून चिकटवला नाही. रोज उचलायचा, रोज दुसरीकडे ठेवायचा.

एके सकाळी तो माझ्या फडक्यात अडकून खाली पडला. आधी कुठे होता? मला काय विचारतेस, मी तेव्हा तळ्याकाठी होते. जिथे डगमगला नाही तिथे ठेवून दिला. दहाला नकाशेवाले आले. त्यांना वाटलं, साहेबांनी ठेवला. त्यांनी तसाच नकाशा आखून टाकला. साहेबांना वाटलं, नकाशेवाल्यांना सुचलं. ते म्हणाले, वा! दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली, पण कुणी कुणाला विचारलं म्हणून नाही. एवढी शिकलेली माणसं!

तुझ्या नोटिशीचं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुलाचा पाय कुठे टेकलाय ते वाकून पाहिलं. नखाएवढं घर, मागे एकच झाड. तुझं लिंबाचं. अक्का, त्या नखाएवढ्या घरात तू जेवायची थांबली होतीस.

डिंक अजून लावला नव्हता. उचलला पूल. तळ्यावर ठेवला, तर बुडाल्यासारखा दिसला. शाळेवर डुगडुगला. (साहेबांच्या बंगल्यावर फार शोभत होता, पण तिथून चौक दिसतसुद्धा नाही.) शेवटी एका जागी गच्च बसला. साहेब आले, गाड्या लावून पाहिल्या, आणि पहिल्यांदाच एकही अडकली नाही. काल त्यांनी तो डिंकानं चिकटवून टाकला. तुझी नोटीस रद्द, तसा कागद येईलच. आता तरी जेव.

तुझी,
धाकटी

ता. क. पूल बसला ती गल्ली आमची. तिसरं घर आमचंच. बदली घर मिळायला दोन वर्षं लागतील म्हणतात. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? आम्ही दोघंच आहोत. मशीन त्याच खोलीत आहे हे मला माहीत आहे. मी मशीनसाठी येत नाहीये. पण ते हलवू नकोस.

आणखी ता. क. ह्यांना वाटतंय, हे सगळं वरून ठरलं. रोज दारात उभे राहून वरच्यांना शिव्या घालतात. घालू देत. तू तोंड उघडू नकोस.

शेवटचं. पूल उचलताना तुझं झाड माझ्या बाहीला टोचून घरी आलं. आता तिथे परत लावायला गेले तर विचारतील, म्हणून पाकिटात घालून पाठवते आहे. टाचणी सांभाळ. आणि खरं झाड जागेवर आहे ना, ते एकदा मागच्या दारी जाऊन बघ, मगच उत्तर लिही.